ब्रिज कॅमेरा घ्यावा की छोटा मिररलेस? (हतनूर, सातपुडा आणि शाळेचं गॅदरिंग)

सातपुडा_मास्तर | रविवार, रात्री ९:१०

राम राम मंडळी. यावल तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. वेतन आयोगाच्या फरकाचा हप्ता जमा झालाय, तो घरात दुसरीकडे वळायच्या आत कॅमेरा घ्यायचाय. बजेट साठ-पासष्ट हजार, फार ताणलं तर सत्तर. सेकंडहँड चालेल.

काढायचं काय, तर हिवाळ्यात हतनूरच्या बॅकवॉटरला येणारे पक्षी. सुट्टीत पालच्या बाजूचं जंगल. शाळेतल्या पोरांना चंद्रावरचे खड्डे दाखवायचेत. त्याशिवाय शाळेचं गॅदरिंग आणि घरची कार्यं आहेतच.

दोन पर्याय डोक्यात आहेत. एक म्हणजे निकॉन पी९०० किंवा पी९५०, म्हणजे ब्रिज कॅमेरा: लेन्स बदलता न येणारा, ८३ पट झूमवाला. दुसरा म्हणजे कॅनन आर५०सारखा छोटा मिररलेस, लेन्स बदलता येणारा. दुकानदार म्हणतो, ब्रिज कॅमेरे आता कुणी घेत नाही, ही दोन लेन्सची किट घेऊन जा, छोटी लेन्स घराला आणि मोठी पक्ष्यांना. यूट्यूबवर बघावं तर एक जण पी९००ला खेळणं म्हणतो आणि दुसरा त्यानेच चंद्र काढून दाखवतो. आपल्या भागात वापरणाऱ्यांनी सांगावं.

केळीबाग | रविवार, रात्री ९:२५

मास्तर, फरकना पैसा शेतस, पहिले घरमा इचारी ल्या. कॅमेरा मंग.

रानपिंगळा९७ | रविवार, रात्री १०:०२

सर, सरळ मिररलेस घ्या. ब्रिज कॅमेऱ्याचा सेन्सर १/२.३ इंची असतो, म्हणजे जेमतेम ६.२ बाय ४.६ मिमी. करंगळीच्या नखाएवढा. आर५०चा एपीएस-सी सेन्सर २२.३ बाय १४.९ मिमी, क्षेत्रफळाने जवळजवळ बारापट. आयएसओ (कमी उजेडात वाढवायची सेन्सरची संवेदनशीलता) ८००च्या पुढे गेलात की पी९००च्या फोटोत पिसं दिसत नाहीत, रंगाचा लेप दिसतो. शिवाय पी९०० रॉ (सेन्सरची कच्ची, नंतर सुधारता येणारी) फाइल देत नाही, जेपीईजी येईल तेवढीच पदरात.

आणि ऑटोफोकस. हे मी अनुभवाने सांगतो. कवड्या खंड्या पाण्यावर एका जागी फडफडत थांबतो ना, तेवढा वेळ सोन्यासारखा. पी९०० त्यात पुढे-मागे चाचपडत बसतो. त्याचा बर्स्टही (बटण दाबून धरल्यावर सलग निघणारे फोटो) सेकंदाला सातच्या गतीने सात फोटो, की झाला गप्प, कार्डावर लिहीपर्यंत. तोवर खंड्या मासा घेऊन पलीकडच्या काठावर. आर५० पक्षी ओळखून त्याच्यावर फोकस धरून ठेवतो.

दुकानदाराचं ऐका, या वेळी तो बरोबर आहे.

लळिंगकर | रविवार, रात्री ११:३०

दुकानदार या वेळीही चूकच आहे, आणि रानपिंगळा भाऊ अर्धे बरोबर. जरा लांबण लागेल, पण मास्तर गणिताचे असतील तर आवडेल.

सेन्सर लहान की मोठा हा वाद सगळे घालतात. लांबच्या पक्ष्यासाठी खरा प्रश्न वेगळा आहे: पक्ष्याकडून येणारा प्रकाश किती रुंद भोकातून आत येतो? ते भोक मोजायची रीत सोपी आहे. लेन्सची खरी फोकल लेंग्थ (मिमीतला आकडा) भागिले एफ नंबर (एफ/६.५ असा लिहितात तो).

पी९००वर २००० मिमी लिहिलेलं असतं ते समतुल्य, फुल फ्रेमच्या (जुन्या ३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरच्या) भाषेतलं. लेन्सची खरी लांबी ३५७ मिमी आणि त्या टोकाला एफ/६.५. भागाकार करा, ५५ मिमी येतं. पी९५०ची लेन्स याच मापाची.

आता मिररलेसच्या लेन्सा घ्या. कॅननची आरएफ १००-४००, लांब टोकाला एफ/८: ४०० भागिले ८, म्हणजे ५०. सोनीची ७०-३५०, एफ/६.३: साडेपंचावन्न. सोनीचाच आरएक्स१० मार्क ४, एक इंची सेन्सरचा ब्रिज: खरी लांबी २२० मिमी, एफ/४, परत ५५. म्हणजे हे सगळे कॅमेरे तेवढ्याच लांबून, तेवढ्याच शटर स्पीडला त्या एका पक्ष्याचा जवळपास सारखाच प्रकाश गोळा करतात. लहान सेन्सरवर तो प्रकाश पूर्ण फ्रेमभर पसरतो, मोठ्या सेन्सरवर मधल्या तुकड्यात पडतो आणि तो तुकडा तुम्ही नंतर कापून घेता. कापल्यावर मोठ्या सेन्सरचं मोठेपण उरतं कुठे?

आता दुकानदाराच्या किटमधली 'मोठी' लेन्स. आरएफ-एस ५५-२१०, लांब टोकाला एफ/७.१. भागाकार साधारण ३०. पंचावन्नाच्या भोकासमोर तीसचं भोक, म्हणजे वर्गात एक तृतीयांशपेक्षाही कमी प्रकाश. हतनूरच्या बदकांसाठी ही किट घेतलीत तर 'खेळणं' म्हटलेला पी९०० तुम्हाला सहज मागे टाकेल. हे दुकानात कुणी सांगत नाही.

दुसरी गंमत वजनाची. पी९५० आहे १००५ ग्रॅम. आर५० बॅटरीसह ३७५, त्यावर १००-४०० लेन्सचे ६३५, बेरीज १०१०. सोनी ए६४०० ४०३ आणि ७०-३५० लेन्स ६२५, बेरीज १०२८. आरएक्स१० मार्क ४ १०९५. काच पंचावन्नची हवी असेल तर किलोभर उचलावंच लागतं, बॉडी कितीही छोटी असो. छोटा मिररलेस छोटा राहतो तो छोटी लेन्स लावलेली असेपर्यंतच.

रानपिंगळा९७ | सोमवार, सकाळी ७:४०

लळिंगकर, गणित मान्य. पण कापून उरलेल्या तुकड्यात पिक्सेल किती राहतात तेही सांगा की. आणि फोकसचं काय? प्रकाश कितीही गोळा केलात तरी फोकस मागच्या पळसावर बसला तर?

लळिंगकर | सोमवार, दुपारी १:१५

पिक्सेलचं सांगतो. तुमच्याच नावाचा पक्षी घेऊ. रानपिंगळा साधारण २३ सेंमी. तो ३० मीटरवर बसलाय. पी९००ला २००० मिमीवर तो फ्रेमच्या उंचीच्या निम्म्याहून थोडा जास्त भरतो, साधारण २००० पिक्सेल उंच. आर५०वर ४०० मिमी म्हणजे समतुल्य ६४०, तिथे फ्रेमच्या पाचव्या भागाएवढा, ८०० पिक्सेल. व्हॉट्सॅपला आणि शाळेच्या प्रोजेक्टरला ८०० पुष्कळ झाले, भिंतीवर लावायला कमी पडतात. मात्र पी९००च्या २००० पिक्सेलमध्ये अडीचपट तपशील असतो असंही समजू नका. भोक तेवढंच, त्यामुळे एका मर्यादेपलीकडे काच तपशील वेगळा करूच शकत नाही, पिक्सेल नुसते पसरतात. फरक आहे, पण आकडा सांगतो तेवढा नाही.

फोकसच्या मुद्द्यावर मी गप्प. उडता पक्षी हवा असेल तर मिररलेसच, किंवा मग आरएक्स१० मार्क ४, पण त्याला सेकंडहँडमध्येही मास्तरांचं बजेट पुरेल असं वाटत नाही.

अवांतर: रानपिंगळ्याचा विषय निघालाच आहे तर नवीन लोकांसाठी. १८८४ नंतर कुणाला खात्रीने न सापडलेला हा पक्षी १९९७च्या नोव्हेंबरात आपल्या शहाद्याजवळ पुन्हा सापडला. घुबडाच्या जातीचा असून दिवसाउजेडी फिरतो. यावल अभयारण्यातही त्याच्या नोंदी आहेत. दिसला तर जागा फोटोखाली लिहू नका, आणि मोबाइलवर आवाज वाजवून बोलावू तर अजिबात नका.

रानपिंगळा९७ | सोमवार, दुपारी १:३२

अवांतराला +१००.

अमळनेरची_सून | सोमवार, रात्री ८:५०

सगळे पक्ष्यांवरच बोलताहेत. सरांनी गॅदरिंग आणि घरची कार्यंही लिहिली आहेत, ती कुणी वाचली का?

माझ्याकडे सोनी ए६००० आहे, २०१४चं मॉडेल, सेकंडहँड घेतलेला, आणि ३५ मिमी एफ/१.८ ही एकच लेन्स. पक्षी त्याने येत नाही, कावळाही नाही. पण श्रावणात आमच्याकडे कानबाई बसते. रात्री घरभर बायका, समया, माळेचे दिवे, चौरंगावर नारळाची कानबाई आणि तिचे दागिने. फ्लॅश मारला की सगळी रया जाते. या लेन्सने समईच्या उजेडात सासूबाईंच्या कपाळावरचं कुंकू आणि नथीचा मोती असे आलेत की त्यांनी तो फोटो मोठा करून मागितला. आत्येदीर त्यांचा झूमवाला कॅमेरा घेऊन आले होते. त्यांच्या फोटोत चेहरे मेणाचे. शेवटी त्यांनी खिशातून फोन काढला आणि फोनचे फोटो बरे आले!

लळिंगकर भाऊजी, तुमचं ते भोकाचं गणित इथे लावून बघा की.

लळिंगकर | सोमवार, रात्री ९:२०

लावतो वहिनी, आणि इथे ब्रिज कॅमेरा साफ आडवा पडतो.

पी९००च्या रुंद टोकाला खरी फोकल लेंग्थ ४.३ मिमी, एफ/२.८. भागाकार दीड मिमी. ज्वारीच्या दाण्याएवढंही नाही. तुमच्या ए६०००ची साधी १६-५० किट लेन्स घ्या, १६ भागिले ३.५, साडेचार मिमी. तिप्पट व्यास म्हणजे नऊपट प्रकाश, तोही साध्या किट लेन्सने. तुमच्या ३५ एफ/१.८चं भोक तर १९ मिमीच्या वर जातं. म्हणजे दुर्बिणीच्या टोकाला बरोबरी आणि घरातल्या टोकाला धुव्वा. एकाच कॅमेऱ्याला कुणी खेळणं म्हणतं आणि कुणी डोक्यावर घेतं, ते यामुळे. दोघांनी वेगवेगळी टोकं वापरलेली असतात.

फोनचंही तेच. हल्लीच्या बऱ्या फोनच्या मुख्य कॅमेऱ्याचा सेन्सर पी९००च्या सेन्सरपेक्षा मोठा असतो आणि लेन्स जास्त उघडी. वर फोन एका फोटोसाठी पाच-दहा फ्रेमा एकत्र शिवतो. घरात ब्रिज कॅमेरा काढण्यात अर्थ नाही.

चांदसैली | मंगळवार, सकाळी ६:३०

शहादा-धडगावकडचा आहे. धुळीवर कुणी बोललं नाही म्हणून लिहितो.

लेन्स बदलणाऱ्या कॅमेऱ्यात धूळ जाते असं सगळे सांगतात. जातेच. पण ती सेन्सरवर बसलेली दिसते, ब्लोअरने फुंकता येते, नाहीतर शहरात जाऊन साफ करून आणता येते. ब्रिज कॅमेऱ्याची लेन्स आत-बाहेर करताना हवा ओढते आणि हवेबरोबर फुफाटा. आत गेलेला फुफाटा तुम्ही काढू शकत नाही.

सारंगखेड्याच्या यात्रेत घोड्यांच्या बाजारात दिवसभर काढत होतो. दुपारी घोडे पळवून दाखवतात तेव्हा तापीकाठची माती कमरेएवढी उडते. संध्याकाळी माझ्या ब्रिज कॅमेऱ्याचं नळकांडं अर्ध्यात अडकलं, 'लेन्स एरर'. आत जाईना, बाहेर येईना. कंपनीचं नाव नको. सेवा केंद्र आपल्याकडे नाहीच, कुरिअरने पाठवला. महिनाभर कळवलंच नाही, मग म्हणाले पूर्ण लेन्स बदलावी लागेल, आणि खर्च असा सांगितला की त्यात जुना चालू कॅमेरा आला असता. मिररलेसची लेन्स बिघडली तर लेन्स जाते. ब्रिजची लेन्स बिघडली तर कॅमेराच गेला.

आता माझ्याकडे ऑलिंपसचा छोटा मायक्रो फोर थर्ड्स (एपीएस-सीपेक्षा लहान सेन्सरचा मिररलेस) आहे, त्यावर ७५-३००. दोन्ही मिळून पी९५०पेक्षा हलकं. लळिंगकर दादांच्या हिशोबाने ३०० भागिले ६.७, पंचेचाळीस येतं. चालतं मले.

आणि काठी गावची होळी. रात्रभर ढोल, मोरपिसांचे टोप, कमरेला घुंगरं-भोपळे बांधून नाचणारे, आणि पहाटे होळी पेटते. तिथे फक्त जाळाचा उजेड. झूम घरी ठेवून एक उघडी छोटी लेन्स घेऊन जातो. ब्रिज कॅमेऱ्यावाले पहाटेपर्यंत कॅमेरा गळ्यात घालून नुसते बघत उभे असतात. (तेही वाईट नाही म्हणा.)

मी_धुळेकर | मंगळवार, सकाळी ११:००

कॅनन एसएक्स७० कुणी सांगितला नाही. ६५ पट झूम, १३६५ मिमीपर्यंत, आणि ६१० ग्रॅमच. रॉसुद्धा देतो. नकाणे तलावावर मी तोच नेतो, हात दुखत नाही.

लळिंगकर | मंगळवार, दुपारी १२:१०

हलका आहे कारण काच लहान आहे. खरी लांबी २४७, एफ/६.५, भोक ३८ मिमी. पी९५०च्या निम्मा प्रकाश. भर उन्हात कळणार नाही, सकाळी सातला कळेल. उलट टोकाला निकॉन पी१०००: ३००० मिमी, भोक ६७ मिमी, चंद्र फ्रेमच्या काठोकाठ येतो, पण १४१५ ग्रॅम. तो गळ्यात घालून मास्तर पालचा घाट चढतील का, त्यांनी ठरवावं.

केळीबाग | मंगळवार, दुपारी १२:४०

एप्रिल-मे मा कोनताबी कॅमेरा ल्या, दुपारले काही कामना नही. ४५ डिग्रीत नदीपात्रातल्या वाळूवरची हवा नुसती उकळते. २००० मिमीवर बघाल तर टिटवी पाण्यात बुडाल्यासारखी हलते. कॅमेरा खराब आहे समजून परत द्यायला जाऊ नका. सकाळी नऊच्या आत काय ते उरका.

तापीकाठचा | मंगळवार, रात्री १०:१५

केळीबाग दादांना अनुमोदन, हिवाळ्यातही अकरानंतर पाण्यावरून लांबचं काढलं की थोडं हलतंच.

मास्तर, माझ्याकडे पी९०० आहे, पहिल्या लॉटमधला, २०१५चा. माझा भाचा आर५० आणि १००-४०० वापरतो. रविवारी सकाळी आम्ही हतनूरला चांगदेवच्या बाजूने जातोय. तुम्ही या, दोन्ही हातात घेऊन बघा. इथे वाचून कॅमेरा कळत नाही. भरीत-पुरी माझ्याकडे, वांगी बामणोदची.

सातपुडा_मास्तर | रविवार, रात्री ९:४५

जाऊन आलो. तापीकाठच्या दादांचे आणि भाच्याचे आभार. बामणोदच्या वांग्यांचे वेगळे आभार. पाहिलं ते लिहितो.

सकाळी धुकं होतं, ऊन येईपर्यंत काहीच नाही. मग पलीकडच्या गाळपेरावर पट्टकादंबांचा थवा उतरलेला दिसला. नुसत्या डोळ्यांनी करडे ठिपके. पी९०० २००० मिमीवर नेला, बॅग दगडावर ठेवून तिच्यावर टेकवला. पांढऱ्या डोक्यामागचे दोन काळे पट्टे स्वच्छ. एकाच्या चोचीला चिखल लागला होता तोही. भाच्याच्या आर५०वर तेच पक्षी, कॅमेऱ्याच्या पडद्यावर मोठे करून बघितले: पट्टे होते, चिखल आहे की सावली ते सांगता येत नव्हतं. रंग मात्र त्याचेच खरे वाटले, पी९०० सकाळचं पिवळं ऊन जरा जास्तच पिवळं करतो.

मग थवा उठला. भाच्याने बटण दाबून धरलं, कटकट कटकट, आणि नंतर दाखवलं तर पंख पसरलेले, डोळा फोकसमध्ये, एकामागून एक. माझ्या हातातल्या पी९००मध्ये आधी नुसतं आकाश, मग एक शेपूट, मग परत आकाश. दादा म्हणाले, लेन्सच्या बाजूचं बटण दाबा. ते दाबलं की झूम क्षणभर मागे येतो, पक्षी फ्रेममध्ये घ्यायचा आणि सोडायचं, झूम परत पुढे जातो. बसलेल्या पक्ष्याला ही युक्ती लागू पडली. उडणाऱ्याला नाही.

अजून एक कुणी लिहिलं नव्हतं ते. पी९००चा डोळ्याला लावायचा व्ह्यूफाइंडर अगदीच भुरकट आहे. दादा म्हणाले पी९५०मध्ये तो बराच सुधारलाय. उन्हात मागचा पडदा काळा दिसतो, त्यामुळे हे महत्त्वाचं. ज्या मिररलेसांना व्ह्यूफाइंडरच नाही, निकॉन झेड३० वगैरे, ते मी यादीतून काढले.

संध्याकाळी परतताना दादांच्या गच्चीवर चंद्र लावला. २००० मिमीवर तो फ्रेमच्या उंचीच्या दोन तृतीयांशाएवढा झाला. कडेच्या खड्ड्यांच्या सावल्या दिसत होत्या. शेजारची दोन पोरं आली, आळीपाळीने पडद्यात डोकावली, मग एक जण धावत जाऊन आजीला घेऊन आला. इथे माझा निर्णय झाला.

पी९५० घेतोय, सेकंडहँड. रॉ आहे, व्ह्यूफाइंडर चांगला आहे आणि बजेटमध्ये बसतोय. मिररलेसची बॉडी बसली असती, पण १००-४०० लेन्सला पुढच्या फरकाची वाट पाहावी लागली असती, आणि तोवर तीसच्या भोकाने बदकं काढायची? गॅदरिंग फोनवर काढेन. वहिनी, तुमचं म्हणणं पटलेलं आहे, पण माझ्या वर्षभरातल्या फोटोंत समईच्या उजेडातले थोडे आणि पलीकडच्या काठावरचे जास्त असणार.

रानपिंगळा९७ | रविवार, रात्री १०:०५

वर्षभरात उडते पक्षी काढायचा किडा चावेल तेव्हा या इथेच. पी९५०ला गिऱ्हाईक मी बघून देईन.

अमळनेरची_सून | रविवार, रात्री १०:२०

सर, निर्णय चांगला. गॅदरिंगला स्टेजवर एक पिवळा हॅलोजन लावून सगळ्यांचे चेहरे भाजतात ना, त्याऐवजी दोन पांढरे एलईडी बाजूने लावा. मग फोनही पुरतो.

चांदसैली | सोमवार, सकाळी ६:४५

सेकंडहँड ब्रिज घेताना एवढं बघा. शांत खोलीत कॅमेरा कानाजवळ धरून झूम पूर्ण बाहेर, पूर्ण आत, चार-पाच वेळा. करकर आवाज आला किंवा मध्ये अडखळला तर पैसे देऊ नका. लांब टोकाला नेऊन नळकांडं दोन बोटांनी हळू हलवा, थोडी ढिलाई असतेच, पण एका अंगाला लवत असेल तर तो पडलेला कॅमेरा. मोकळ्या आभाळाचा फोटो एफ/८वर काढा आणि मोठा करून बघा, काळे गोल डाग म्हणजे आत धूळ. आणि धुळीच्या जागी न्यायचा असेल तर झूम एकदाच बाहेर काढून ठेवा, सारखा आत-बाहेर करू नका.

सातपुडा_मास्तर | सोमवार, दुपारी २:०५

लिहून घेतलं. पुढच्या काचेला फिल्टर लावावा का? विकणारा सोबत एक देतोय.

तापीकाठचा | सोमवार, दुपारी २:३०

६७ मिमीचा बसतो. प्रवासात लावून ठेवा, धुळीपासून काच वाचते. पण स्वस्त फिल्टर असेल तर २००० मिमीवर काढताना तो काढूनच काढा, चित्र लगेच मऊ पडतं. माझा पाकिटातच पडून असतो. त्याऐवजी विकणाऱ्याकडून जादा बॅटरी मागा, पी९५०ची बॅटरी थंडीतल्या एका सकाळीच संपते.

केळीबाग | सोमवार, दुपारी २:४१

घरमा इचारं का पण?

सातपुडा_मास्तर | सोमवार, दुपारी ३:१०

विचारलं. पहिला फोटो मुलीच्या मेहंदीचा काढून दाखवा म्हणाली. लळिंगकर, जवळचं काढायला पी९५०चं कुठलं टोक वापरू?

लळिंगकर | सोमवार, दुपारी ३:२५

रुंद टोक, मॅक्रो मोड, खिडकीपाशी बसवून. लेन्स एक सेंटिमीटरपर्यंत जवळ जाते, फक्त स्वतःची सावली हातावर पडू देऊ नका.